जपणाऱ्यांच्या देशात

आमच्या गावाला परदेशी पाहुण्यांचे नवल नाही. औरंगाबाद म्हणा, किंवा २०२३ पासून सरकारदरबारी रुजू झालेले छत्रपती संभाजीनगर हे नाव घ्या. वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवरचे हे गाव कित्येक वर्षे जगाचा पाहुणचार करीत आले आहे. त्यामुळे रिक्षावाल्यापासून हिमरू शालींच्या दुकानदारापर्यंत प्रत्येकाजवळ देशोदेशीच्या माणसांबद्दल एकेक ठाम मत तयार असते. कोण घासाघीस करतो, कोणाला मिरची चालत नाही, कोण चहा पिण्याआधी कपाचा फोटो काढतो, सारे त्यांना पाठ! जपानी माणसांविषयी मात्र सर्वांचे एकमत आहे. "वेळेवर येतात, हळू बोलतात आणि लेण्यात शिरले की बोलतच नाहीत."

यातले शेवटचे मी पुष्कळदा पाहिले आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हाती कमळ घेतलेल्या पद्मपाणीपुढे पाहुण्यांचे थवे येतात, माहिती ऐकतात आणि पुढे सरकतात. जपानी आजी-आजोबांचा जथा आला की मात्र त्यातले कितीतरी जण हात जोडून उभे राहतात. आपण ते चित्र पाहायला जातो. ते दर्शनाला आलेले असतात.

असे का, याचा उलगडा मला अजिंठ्यात झाला नाही, जपानात झाला. माझा धाकटा भाऊ नोकरीच्या निमित्ताने ओसाकाजवळ राहतो. त्याच्या आग्रहामुळे एकदा उन्हाळ्याच्या आणि एकदा दिवाळीच्या सुटीत मी तिकडे जाऊन राहून आले. ओसाकाहून नारा हे जुन्या राजधानीचे गाव तासाभराच्या अंतरावर आहे, आणि नाराजवळ होर्युजी हे बौद्ध मंदिर. जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींत त्याची गणना होते. तिथल्या मुख्य मंदिराच्या भिंतींवर बुद्धांची आणि बोधिसत्त्वांची चित्रे होती. अजिंठ्यानंतर दोनेकशे वर्षांनी काढलेली, पण डोळ्यांची तीच अर्धमिटली ठेवण, मानेची तीच लवती रेषा. आमच्या पद्मपाणीचा धाकटा भाऊच जणू! २६ जानेवारी १९४९ रोजी, चित्रांच्या नकला काढण्याचे काम चालू असतानाच्या दिवसांत, तिथे आग लागली आणि ती चित्रे करपून गेली. ज्याच्या घरचे चित्र गेले, तो दूरच्या नातलगाकडचे चित्र कोणत्या डोळ्यांनी पाहील, हे सांगायला नको.

नकला आणि आग यांचे अजिंठ्याच्या नशिबीही जुने नाते आहे. रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षे खपून केलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनला जळाल्या. ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेतील त्याचे विद्यार्थी यांनी केलेल्यांपैकी पुष्कळशा १८८५ मध्ये तिथेच जळाल्या. पुढे १९१७-१८ च्या सुमारास आराइ कांपो आदी जपानी चित्रकारांनी अजिंठ्यात राहून नव्याने नकला केल्या. त्या टोकियोच्या विद्यापीठात होत्या. १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत त्याही गेल्या.

होर्युजीच्या आगीनंतर जपान्यांनी काय केले? हळहळ केली, १९५० मध्ये प्राचीन ठेव्यांच्या रक्षणाचा कायदा केला. एवढे कोणीही करील. पण १९५५ पासून त्यांनी २६ जानेवारी हा दिवसच सांस्कृतिक ठेव्यांना आगीपासून वाचवण्याचा दिवस म्हणून नेमून टाकला. दरवर्षी त्या सुमारास देशभरच्या मंदिरांत बंब येतात, पाण्याचे फवारे उडतात, भिक्षू आणि आसपासची माणसे आग विझवण्याचा सराव करतात. आपण झेंडावंदन करीत असतो, त्याच दिवशी!

मला वाटते, जपानी स्वभावाची किल्ली इथे आहे. जी गोष्ट जपायची तिला काचेच्या कपाटात ठेवून ते स्वस्थ बसत नाहीत. वर्षाच्या रहाटीत तिला एक दिवस, एखादा पदार्थ, निदान एखादा शब्द नेमून देतात. 'जपान' आणि 'जपणे' यांचा व्युत्पत्तीने काडीचा संबंध नाही, हे मराठीची प्राध्यापिका या नात्याने मला सांगितले पाहिजे. पण कानाला तो लागतो, याला माझा इलाज नाही.

कानाचा विषय निघाला म्हणून सांगते. जपानी भाषा भयंकर अवघड, असा धाक आपल्याला इंग्रजी पुस्तकांनी घातला आहे. लिपी अवघड आहे खरीच. पण बोलण्याची चाल अगदी आपल्या अंगणातली! कर्ता आधी, क्रियापद शेवटी, विभक्तीचे प्रत्यय नामाच्या मागून. 'मी शाळेत जाते' यातला एकेक शब्द उचलून त्याच जागी जपानी शब्द ठेवीत गेले, तरी वाक्य सरळ उभे राहते. शिवाय जातो, जाते, जातात ही भानगड नाही. पुरुष असो, बाई असो, एक असो, दहा असोत, क्रियापद तेच. व्याकरणाचे पेपर तपासणाऱ्या माणसाला हे स्वर्गसुखच की!

त्यांच्या वर्णमालेचा क्रम ऐकला तेव्हा तर मी चकित झाले. आधी स्वर : अ, इ, उ, ए, ओ. मग ओळी : क, स, त, न, ह, म, य, र, व. हा क्रम काही योगायोगाने जुळलेला नाही. संस्कृत मंत्रांसाठी आपली वर्णमाला घोकणाऱ्या बौद्ध भिक्षूंच्या अभ्यासातून तो तिकडे रुजला. 'च'च्या जागी 'स' आणि 'प'च्या जागी 'ह' दिसतो, कारण त्या अक्षरांचे प्राचीन जपानी उच्चार 'च' आणि 'प' यांच्या जवळचे होते, असे भाषापंडित सांगतात. कंठातून निघून ओठांपर्यंत येणारी आपली बाराखडी जपानी मूल रोज घोकते, आणि जपानी शब्दकोश त्याच क्रमाने लागतो.

घरातले शब्द ऐकले तर परकेपणा आणखी कमी होतो. जपानी बायका आपल्या नवऱ्याला 'दान्ना' म्हणतात. हा शब्द आपल्या 'दान' शब्दावरून गेलेला; मूळ अर्थ दान देणारा, पोशिंदा. आपल्याकडच्या जुन्या वळणाच्या बायका 'आमचे यजमान' म्हणतात, तोही यज्ञाचा खर्च करणारा! आणि जुन्या वळणाचा जपानी पुरुष बायकोला काय म्हणतो? 'कानाइ', म्हणजे घरातली. आमच्या आजोबांचे 'आमचे कुटुंब' आठवा. दोन्ही देशांतल्या नवऱ्यांनी एकमेकांना पत्रे लिहून हे ठरवले असावे, असा संशय येतो.

पण मला सर्वांत आवडला तो घरातून बाहेर पडतानाचा शब्द. आपल्याकडे निघताना कोणी 'जाते' म्हटले तर घरातली वडील बाई लगेच टोकते, 'जाते नाही गं, येते म्हणावं.' जपानी माणूस उंबऱ्याशी पायात बूट घालताना म्हणतो, 'इत्ते किमासु', म्हणजे 'जाऊन येतो'. आतून उत्तर येते, 'इत्ते राश्शाइ', 'जाऊन ये'. शाळेत निघालेले पोर असो की कचेरीत निघालेला गृहस्थ, हा संवाद रोज घडतो. भावाच्या शेजारी एक आजी एकट्याच राहत. त्या रिकाम्या घरालासुद्धा 'जाऊन येते' असे सांगून बाहेर पडत. भावजयीने त्यांना कारण विचारले, तेव्हा म्हणाल्या, "सांगून गेलं की परत यावंच लागतं."

या आजींशी माझी गट्टी जमली ती एका वाडग्यामुळे. त्यांनी वाळवलेल्या पर्सिमॉन फळांचा वाडगा आणून दिला. शरद ऋतूत ही केशरी फळे सोलून, दोरीला बांधून वळचणीला टांगतात. आपल्याकडच्या गच्चीवरच्या सांडग्या-कुरडयांची आठवण यावी असा तो देखावा. आता भरून आलेले भांडे रिकामे परत करायचे नाही, ही आपली रीत. म्हणून मी त्यात चार चकल्या घातल्या. त्यांच्याकडेही मिळालेल्या वस्तूची परतफेड केल्याशिवाय चैन पडत नाही. तो वाडगा मग आठवडाभर दोन घरांमधून हेलपाटे घालीत राहिला!

आजींच्या घरात एका कोनाड्यात चित्राची गुंडाळी टांगलेली आणि तिच्यापुढे एकच फूल. ऋतू बदलला की चित्र बदलते आणि फूलही. उन्हाळ्यात गेले तेव्हा तिथे निळे आयरिस होते, दिवाळीत लालबुंद मेपलची डहाळी. कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याचेही तसेच. तांदळाचे पीठ, साखर आणि लाल चवळीसारख्या दाण्यांचे पुरण, एवढ्याच सामग्रीतून तो महिन्यामहिन्याला नवी रूपे करतो. एक गंमत ऐका. पुरणात घोळलेला भाताचा एक लाडू वसंतात आणि शरदात, दिवस-रात्र समान होतात त्या आठवड्यांत, पितरांच्या स्मरणासाठी करतात. लाडू तोच, पण वसंतात त्याचे नाव 'बोतामोची', बोतान म्हणजे पिओनीच्या फुलावरून, आणि शरदात 'ओहागी', हागीच्या फुलावरून. जिभेला फरक कळत नाही, शब्दाला कळतो.

त्यांच्या जुन्या पंचांगात वर्षाचे चोवीस भाग, आणि प्रत्येकाचे तीन असे बहात्तर ऋतू आहेत, पाच-पाच दिवसांचे! हे मूळचे चीनचे, जपानने आपल्या हवेप्रमाणे दुरुस्त करून घेतलेले. नावे ऐकण्यासारखी आहेत : पूर्वेचा वारा बर्फ वितळवतो, कुजल्या गवतातून काजवे निघतात, मेपल आणि वेली पिवळ्या होतात. औपचारिक पत्राची सुरुवातही ऋतूच्या दोन शब्दांनी व्हायची. आपल्या 'सा. न. वि. वि.'च्या जागी 'नव्या पालवीचे दिवस आले, आपली प्रकृती कशी आहे?' असे लिहायचे आणि मग कामाला हात घालायचा. शिरीष पै यांनी हायकू हा प्रकार मराठीत रुजवला, त्यामुळे तीन ओळी आपल्याला ठाऊक आहेत. परंतु जुन्या रीतीच्या जपानी हायकूत ऋतूचा एक नेमका शब्द यावाच लागतो, आणि अशा शब्दांचे स्वतंत्र कोश आहेत. सामान्य घरातली माणसे ते कोश बाळगतात.

उन्हाळ्याच्या सुटीत गेले होते, तेव्हा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तिथला पाऊस सुरू झाला. त्याला 'त्सुयु' म्हणतात. लिहिताना मात्र 'आलुबुखाराचा पाऊस' अशी चित्राक्षरे येतात, कारण ते आंबट फळ तेव्हा पिकते. पावसाच्या आवाजांसाठी त्यांच्याजवळ आपल्यासारखेच जोडशब्द आहेत. थेंब थेंब पडतो तो 'पोत्सु पोत्सु', आपला टपटप. सावकाश, चिवटपणे पडतो तो 'शितो शितो', आपला रिपरिप. आणि कोसळतो तो 'झा झा', आपला धो धो. एके दुपारी ऊन असताना सर आली. आजी खिडकीतून म्हणाल्या, 'कित्सुने नो योमेइरी!' भावजयीने अर्थ सांगितला, तेव्हा मी ओरडलेच. कोल्ह्याचे लग्न! लहानपणी ऊन-पाऊस एकदम आला की आम्ही पोरेही अंगणात कोल्ह्याचेच लग्न लावीत होतो.

एका बाबतीत मात्र आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहिलो. सहलीच्या आदल्या दिवशी जपानी मुले पांढऱ्या कापडाची टकल्या भिक्षूची बाहुली करून खिडकीला टांगतात, पाऊस थांबावा म्हणून. आमच्या मराठवाड्यात पाऊस लांबला की पोरांच्या अंगाला कडुनिंबाचा पाला बांधून धोंडी काढतात. बाया दारोदार त्यांच्यावर पाणी ओततात, पाऊस यावा म्हणून. हे ऐकून आजी कितीतरी वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पाऊस बोलवावा लागतो, हे मला माहीत नव्हतं."

दिवाळीच्या मुक्कामात मी भावजयीबरोबर चकल्या तळीत होते. आजींनी विचारले, "तुमची दिवाळी दर वर्षी कोणत्या तारखेला?" तारीख बदलते, आश्विनातली अमावास्या बदलत नाही, हे त्यांना समजावताना चंद्राचा विषय निघाला. पंधरा दिवसांपूर्वीच्या कोजागिरीचे मी सांगितले, तशा त्या खुलल्या. त्यांच्याकडेही शरदातला पूर्ण चंद्र पाहतात. आपण मसाल्याचे दूध ठेवतो, तसे ते तांदळाचे पांढरे लाडू आणि गवताचे तुरे ठेवतात. त्यांच्या चंद्रावर ससा असतो आणि तो भाताचे पीठ कांडीत असतो. पाहुण्याला देण्याजोगे काही नाही म्हणून स्वतः आगीत उडी घेणाऱ्या सशाची जातककथा बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेली आणि घराघरांत राहिली. आमच्याकडे मुलाचे नाव शशांक ठेवतात, त्याचा अर्थच 'सशाची खूण असलेला' असा आहे, हे कळल्यावर आजींनी टाळ्याच वाजवल्या.

पण मग त्या हळूच म्हणाल्या, "तुमचा चंद्र तुमच्या सणांत आहे. आमचा गेला." ही हकीकत आपण समजून घेण्यासारखी आहे. १८७२ च्या अखेरीस जपान सरकारने चंद्राचे जुने पंचांग सोडून इंग्रजी कॅलेंडर घेतले. बाराव्या महिन्याचे दोनच दिवस झाले होते; तिसरा दिवस उजाडला तो १ जानेवारी १८७३ म्हणून! सण मात्र आकड्याने तसेच ठेवले. तिसऱ्या महिन्यातली तिसरी तिथी ३ मार्चला आली. तो मुलींचा, बाहुल्यांचा आणि पीच फुलांचा सण. पण तेव्हा बागेत पीच फुललेलाच नसतो. सातव्या महिन्यातली सप्तमी ७ जुलैला आली. आकाशगंगेच्या दोन तीरांवरचे दोन तारे त्या रात्री वर्षातून एकदा भेटतात, अशी कथा आहे. पण ७ जुलैला पावसाचे ढग असतात, भेट दिसणार कशी? काही सण महिनाभर पुढे ढकलून सावरले, चंद्रदर्शन तेवढे जुन्या तिथीवर राहिले. बाकी सणांचे आणि ऋतूंचे बोट सुटले ते सुटलेच.

परतीच्या विमानात माझ्या मनात हाच हिशेब चालला होता. जपान्यांनी तिथी सोडली, पण शब्द सोडले नाहीत. हुकलेला ऋतू ते पत्रात, मिठाईत, कोनाड्यातल्या फुलात पकडून ठेवतात. आपण तिथी सोडली नाही. अधिक मास घालून घालून आपण सणांना ऋतूंच्या जागी ठेवले आहे. होळीला ऊन तापतेच, कोजागिरीला बहुधा आभाळ निवळते, दिवाळीच्या अभ्यंगाला थंडीची चाहूल लागते. आपले शब्द मात्र?

सुटीनंतर मी वर्गात पावसाच्या नक्षत्रांची नावे विचारली. वैजापूर, कन्नड, सिल्लोडकडच्या खेड्यांतून आलेल्या मुलामुलींचे हात वर झाले. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य अशी माळच त्यांनी लावली. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मघांचा सासवांचा, पूर्वांचा सुनांचा, हेही त्यांना येत होते. शहरातल्या मुलांनी ही नावे पहिल्यांदाच ऐकली आणि ती हसली. पुढची काही वर्षे गेली की हात वर करणारी मुलेही शहरातली होतील.

एखादा शब्द गेला तर काय बिघडते, असे कोणी विचारील. म्हातारा पाऊस हे नाव ज्याने ठेवले, त्याने सरींची चाल अनेक वर्षे पाहिली होती. तरण्या पावसावर काय करावे आणि म्हाताऱ्यावर काय, हे त्या दोन शब्दांत त्याच्या नातवाला कळत असे. शब्द गेला की हे पाहणे जाते, आणि पुढच्या पिढीला सगळा पाऊस सारखाच दिसू लागतो. जपानातही हे संकट नाही असे नाही. आजींची नात इंग्रजी शब्दांची खिचडी बोलते आणि बहात्तर ऋतूंपैकी सात तरी तिला येतील की नाही, याची आजींना शंका आहे. परंतु तिच्या घरच्या कोनाड्यातले फूल बदलते, मिठाईवाला पाटीवर नवे नाव लिहितो, आणि नकळत दोन-चार शब्द तिच्या पदरात पडतात. मुलांना भाषेवर व्याख्यान देण्यापेक्षा ही युक्ती मला जास्त खात्रीची वाटते.

आपल्याला कोनाडा बांधायला नको, बहात्तर ऋतूही नकोत. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत नक्षत्र लागल्याची नोंद आणि त्याचे वाहन अजून छापलेले असते. सकाळी चहाच्या वेळी घरातल्या कोणी ते मोठ्याने वाचले, तरी पुष्कळ झाले. "आज मृग लागला, वाहन बेडूक." मुले हसतील, बेडूकच का म्हणून विचारतील. विचारू द्यावे. उत्तर देण्यासाठी आपल्यालाही कोणाला तरी फोन करून विचारावे लागेल, आणि पलीकडून आवाज येईल, "पाऊस कसाय तिकडं?"